सगुणबाबांचं 'बरें'

आमच्या डिचोलीत 'बरें' या शब्दाचे किती अर्थ होतात, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. तब्येत कशी? बरें. माशाचं हुमण कसं झालंय? बरें. उद्या येणार का? बरें. आणि हे शेवटचं जे 'बरें' आहे ना, त्यात येणाराही असतो आणि न येणाराही असतो. 'तुम्ही म्हणालात ते माझ्या कानावर पडलं' एवढाच त्याचा अर्थ. पुढचं ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. आम्ही लहानपणापासून समजूनच घेत आलो, त्यामुळे सहसा काही अडत नाही. अडलं ते एकदा. त्या एकदाच्या अडण्यानं एक खाण बंद पडली आणि सगुणबाब विर्नोडकर नावाचा माणूस जन्मभरासाठी एकटा पडला.

मी त्या खाणीच्या ऑफिसात टायपिस्ट होते. सगुणबाब लॅबचे मुख्य. खाणीतून निघणाऱ्या लोखंडाच्या मातीला आम्ही मिनेर म्हणतो. त्या मिनेरात लोखंड किती, पाणी किती, हे काढायचं त्यांचं काम आणि तो आकडा इंग्रजी दाखल्यावर टाइप करायचं माझं. तो दाखला बोटीबरोबर जपानला जायचा. मी टाइप केलेला कागद जपानात कोणीतरी वाचतो, याचा मला पहिली दोन वर्षं इतका अभिमान होता की विचारू नका.

माणूस अंगानं किरकोळ. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, तो संध्याकाळपर्यंत विटकरी व्हायचा. चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. नवीन का करत नाही म्हटलं की म्हणायचे, "बरें." आवाज इतका हळू की समोरच्याला पुढं वाकावं लागे. मूळचे पार्शे गावचे. तिथं घर, चार माड, थोडी काजू. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली, मूल नाही. पार्शाचं घर गणपतीच्या चवथीला तेवढं उघडायचं, एरवी ते डिचोलीत एका खोलीत राहायचे आणि उरलेला सगळा वेळ लॅबमध्ये.

मिनेराचा नमुना कसा काढतात ते मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात दाखवलं. टायपिस्टला ते कळायची काही गरज नव्हती. पण म्हणाले, "टायप करतां तें कितें तें कळूंक जाय." कळायला हवं. मालाचा छोटा ढीग करायचा. वरून दाबून चपटा करायचा. फळीनं फुली मारून चार भाग करायचे. समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले दोन मिसळून परत ढीग. असं करत करत शेवटी मूठभर उरतं. त्या मुठीत सगळा डोंगर आला पाहिजे. मी आपली बघता बघता एक चकचकीत खडा उचलून त्यात टाकायला गेले, तर त्या हळू आवाजाच्या माणसानं माझ्या हातावर चक्क फटका मारला.

"वेंचपाचें न्हय!"

निवडायचं नाही. हाताला काय आवडतं ते विचारायचं नाही. त्यानंतर त्यांनीच इतक्या वेळा माफी मागितली की मलाच लाज वाटली.

हे चार भागांचं वेड त्यांच्या हाडात शिरलं होतं. दसऱ्याला लॅबमध्ये यंत्रांची पूजा व्हायची. प्रसादाच्या फोवांत, म्हणजे पोह्यांत, गूळ-खोबरं कुणाला जास्त, कुणाला कमी येतं म्हणून हे गृहस्थ परातीत फोवांचा ढीग करून, चपटा करून, फुली मारायचे. आम्ही हातात कागद धरून ताटकळत उभे! आत्माराम तेवढा पुढं होऊन सरळ मूठ भरून घ्यायचा. "तुमचो नमुनो होयसर फोव शिळे होतले," म्हणायचा. आणि सगुणबाब हसायचे. त्यांना हसवणारा तो एकच माणूस.

आत्माराम आमच्या खाणीवरचा ट्रकवाला. दोडामार्गाकडचा, स्वतःचा ट्रक, स्वतःच ड्रायव्हर. त्याच्यामागून त्याच्या गावचे पंचवीस-तीस जण आमच्या खाणीवर आले. कोणी ट्रकवर, कोणी नदीवरच्या धक्क्यावर, आणि सगळे त्याच्याकडं बघून चालणारे. गडगडाटी माणूस. हा आणि सगुणबाब रोज सकाळी दहा वाजता लॅबच्या पायरीवर चहा प्यायचे. पाववाल्या पोदेराकडचे दोन उंडे आत्माराम घेऊन यायचा, गरम असले तर छातीशी धरून. एक मोडून अर्धा सगुणबाबांना, अर्धा स्वतःला, मग दुसरा तसाच. एकेक उंडो घेतला तर काय बिघडलं, असं मी एकदा विचारलं. आत्माराम म्हणाला, "टायपिस्टबाय, एक जळको निघालो तर दोघांच्याय वाट्याक येवक होयो." एकोणीस वर्षं हे चाललं. बोलायचा तो एकटाच. सगुणबाबांचं आपलं मध्ये मध्ये बरें.

आता भाषेच्या भांडणाची गोष्ट सांगते, म्हणजे हा माणूस कळेल. कोंकणी की मराठी यावरून तेव्हा सगळा गोवा पेटला होता. रस्त्यांवर झाडं आडवी, बसेस बंद, एका घरातले भाऊ-भाऊ बोलेनासे झाले होते. एकदा सकाळी कोंकणीवाले सह्यांचा कागद घेऊन लॅबमध्ये आले. सगुणबाबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बरें." संध्याकाळी मराठीवाले आले. त्यांचंही ऐकलं. "बरं." आता गंमत अशी, की 'बरें' म्हटलं तर कोंकणी आणि 'बरं' म्हटलं तर मराठी, हे त्या दिवसांत लोक कान टवकारून ऐकायचे. सगुणबाबांचा शेवटचा स्वर दोहोंच्या मध्ये कुठंतरी विरून जायचा. दोन्हीकडचे खूश होऊन गेले. दोन्हीकडच्यांनी आपापल्या सभेच्या वक्त्यांत त्यांचं नाव छापलं! आणि सभांच्या दिवशी हे महाशय रजा टाकून पार्शाला काजूला कुंपण घालत बसलेले.

मी मराठीवाली. मी भयंकर चिडले. म्हटलं, "सगुणबाब, सरळ नाही म्हणून सांगायचं होतं. मूग गिळून बसायचं म्हणजे काय?"

"ना म्हणटकच मनीस दुखता, बाय," ते म्हणाले.

"आणि नाव छापून तोंडघशी पडल्यावर दुखत नाही?"

यावर त्यांनी काय म्हटलं असेल? बरें. आत्माराम पायरीवर बसून पोट धरून हसत होता. "आमची मालवणी खंयच्या यादीत घालतत ता आधी इचारा," म्हणाला. मग भांडण मिटलं, गोव्याचं वेगळं राज्य झालं, डिचोलीच्या बाजारात फटाके वाजले. ती गोष्ट आम्ही चेष्टेवारी नेली. चुकलं ते तिथंच. त्या माणसाचं ते भय आम्ही स्वभाव म्हणून खपवून घेतलं.

जपानच्या पोलादाच्या गिरणीचा माणूस दर हंगामाला माल बघायला यायचा. त्याचं नाव मोरी. आमच्याकडं मोरी म्हणजे मासा, तेव्हा पहिल्या दिवशी धक्क्यावर किती हशा झाला असेल ते समजा. हा मोरीसाहेब आणि सगुणबाब दोघे उन्हात उकिडवे बसून ढिगाचे चार भाग करायचे. त्याला इंग्रजी बेताचं, यांचं बोलणंच बेताचं. दोघांची भाषा एकच, फळी आणि फुली. सगुणबाबांचं ऐकून ऐकून तोही बरें म्हणायला शिकला. आकडा दाखवला की मान लववून म्हणायचा, "बरें." त्याच्या तोंडी मात्र त्याचा अर्थ एकच होता. पटलं. दोन-तीन हंगामांनंतर तो स्वतःचा नमुना काढायचाच बंद झाला. सगुणबाबांच्या सहीवर बोट भरू लागली. परक्या देशातल्या एवढ्या मोठ्या गिरणीनं आमच्या पार्शाच्या माणसाच्या सहीवर डोळे मिटावेत, म्हणजे काय! मी तर घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं.

राज्य झालं त्याच्या दुसऱ्या हंगामातली गोष्ट. थोरले शेठ थकले होते, कारभार धाकट्या शेठकडं आला होता. परदेशात शिकून आलेले, वागायला साधे, ऑफिसात आले की आधी शिपायाची विचारपूस करणारे. त्यांना वाईट म्हणणार नाही मी. त्या वर्षी ऑस्ट्रेलियाचा चांगला माल जपानला जायला लागला होता आणि गिरणीनं कळवलं होतं की ठरलेल्या कसाखाली एक दाणाही नको. आणि नेमका आमच्या खाणीचा खालचा थर हलका लागला. धक्क्यावरच्या ढिगाचा कस थोडा कमी भरत होता. फार नाही, थोडाच.

धाकटे शेठ लॅबमध्ये आले तेव्हा मी तिथंच होते, जुने दाखले लावत. ते म्हणाले, "सगुणबाब, बोट बंदरात येऊन उभी आहे. एवढ्याशा फरकासाठी थांबलो तर हंगाम जाईल. दाखल्यावर करारातला आकडा घालूया. पुढच्या बोटीला भरून काढू. काय?"

सगुणबाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला.

"बरें," म्हणाले.

शेठनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. ट्रक सुरू झाले, आत्मारामाचा सगळ्यांत पुढं. चार दिवस मिनेर धक्क्यावर पडत होतं, बार्जी भरून नदीतून मुरगावला जात होत्या, तिथं बोटीच्या पोटात रिकाम्या होत होत्या. त्या चार दिवसांत रोज दहाला चहा झाला, उंडे मोडले गेले. सगुणबाब एक शब्द बोलले नाहीत. पाचव्या दिवशी दाखल्याचा कच्चा कागद माझ्या टेबलावर आला. त्यावर खरा आकडा होता. खाली सही.

मी पळत लॅबमध्ये गेले. "सगुणबाब, हे काय? शेठना तुम्ही..."

"टायप कर, बाय."

मी केलं. माझ्या हातानं केलं, तेव्हा त्यात माझाही वाटा आहेच. शेठ आले ते पांढरेफटक होऊन. ओरडले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, "तुम्ही बरें म्हणालात."

"म्हटलें. पूण हय म्हणूंक ना."

"मग ना तरी म्हणायचं होतं, सगुणबाब! माल धक्क्यावर असताना ना म्हणायचं होतं. वरच्या थरातला चांगला माल मिसळून आठ दिवसांत कस भरून काढला असता. आता तो बोटीत आहे. आता मी काय करू?"

दुसऱ्या कोणाच्या तरी सहीचा दाखला करता आला असता. शेठनी तो केला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. खरा दाखला गेला. गिरणीनं ती बोट घेतली, पण पुढचा करार ऑस्ट्रेलियाशी केला. मोरीसाहेब शेवटचा आला तो निरोप घ्यायला. लॅबमध्ये येऊन सगुणबाबांपुढं कमरेत इतका वाकला की मला वाटलं पाया पडतो की काय. म्हणाला, "बरें." आणि गेला. करार त्याच्या हातात नव्हता. खरेपणाचा मान मिळाला आणि धंदा गेला, दोन्ही एकाच दिवशी.

पावसाळ्याला खाण बंद झाली ती उघडलीच नाही. कंपनीच्या दुसऱ्या खाणी चालू होत्या, आम्हा ऑफिसवाल्यांना तिकडं घेतलं, सगुणबाबांनाही. ट्रकवाल्यांना कोण घेणार? तिकडं तिकडचे होतेच. आत्मारामानं वर्षभर दम धरला, मग ट्रक विकला. त्याच्यामागून आलेले सगळे एकेक करून परत गेले. आणि गावात चर्चा सुरू झाली की सगुणबाबांनी जपान्याला फितूर होऊन खाण बुडवली. सरळ बोलणारा मी ऐकला तो एक आत्मारामच.

तो निघायच्या दिवशी सकाळी दहाला आमच्या नव्या लॅबवर आला. हातात उंडे नव्हते. पायरीवर बसला नाही, उभाच राहिला. मी खिडकीत होते.

"सगुणबाब, खोटो आकडो घालूक होयो होतो असा मी म्हणणय नाय. पण चार दिवस मी तुमच्या डोळ्यांसमोर माल व्हावलंय. रोज चाय पिली आमी. माका एक शब्द बोलूक काय झाला होता? मी ट्रक आडवो घातलो असतो रस्त्यार!"

सगुणबाबांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला.

"आज माका काय सांगू नकात. आज माझा डोक्या ठिकाणार नाय. पण एक दिवस घराक येवा, बसान सांगा, कित्याक गप रवल्यात. येतल्यात?"

"बरें," सगुणबाब म्हणाले.

आत्माराम त्यांच्याकडं बघतच राहिला. मग पाठ फिरवून गेला. त्या शब्दाचा त्याला त्या दिवशी किती वीट आला असेल, देवा सायबा! मला खिडकीतून ओरडावंसं वाटलं, हो म्हणा, सगुणबाब, हो म्हणा.

त्यानंतर सगुणबाबांच्या तोंडून मी बरें ऐकलं नाही. सोडलं त्यांनी. नव्या खाणीवर कोणी काही विचारलं की खटकन म्हणायचे, "ना." चहा घेता? ना. सहलीला येता? ना. पोरांना नमुना काढायला शिकवता? ना. लोक म्हणू लागले, म्हातारा खडूस झाला. पूर्वी ऐकून घेणारा म्हणून चार माणसं यायची, तीही बंद झाली. दहा वाजता ते पायरीवर एकटे बसायचे. उंडो स्वतःच आणायचे, एकच, आणि तो मोडून अर्धा कागदावर तसाच ठेवायचे. कावळे न्यायचे. मी एकदा शेजारी जाऊन बसले, तर हळूच म्हणाले, "आकडो खरो दिलो, ताचें म्हाका दुख्ख ना, बाय. ना म्हणूंक हांव भियेलों. शेठाक न्हय. ताचें तोंड वायट जातलें, ताका भियेलों." समोरच्याचं तोंड उतरेल, असल्या एवढ्याशा भिण्यानं एवढं होतं? होतं, बघितलं मी.

ते निवृत्त होऊन पार्शाला गेले. मी दर वर्षी चवथीला बोलवायची, ते दर वर्षी ना म्हणायचे. निदान खोटी आशा नसायची.

शेवटचे दिसले ते म्हापशाला. शुक्रवारचा बाजार होता. माझी एक नणंद दोडामार्गाला दिलेली, ती मिरच्यांच्या रांगेत भेटली. बोलता बोलता म्हणाली, "तुमच्या खाणीवर होतो ना तो आत्माराम? गेलो. बाराव्याक आमी जावन इलव." कसाबसा बाजार उरकून बसस्टँडवर आले तर दोडामार्गच्या गाडीत, खिडकीशी, सगुणबाब. पांढरा शर्ट, आता पांढराच. चष्म्याला नवी दांडी. मांडीवर कागदाचं पुडकं.

"अगो बाय!" ते म्हणाले. आणि हसले. आत्माराम गेल्यापासून, म्हणजे खाणीवरून गेल्यापासून, मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "दर शुक्रवारा हांगा येतां. गाडी येता, वता. चडूंक जायना. आयज चडलों."

"कुठं निघालात?" मी विचारलं. कुठं ते पाटीवर लिहिलेलं होतं.

"आत्मारामागेर. ताका सांगपाक." पुडकं उघडून त्यांनी दाखवलं. दोन उंडे होते, अजून वाफ होती. "चुकलों म्हणून सांगतां. पयलींच ना म्हणूंक जाय आशिल्लें, म्हणून सांगतां. मागीर तो कितेंय म्हणूं." मग खिडकीतून थोडं पुढं वाकून, त्या हळू आवाजात विचारलं, "ऐकून घेतलो मगो तो?" ऐकून घेईल ना तो, असं.

गाडी सुटलेली नव्हती. खोटं कशाला सांगू? ड्रायव्हर गाड्यावर चहा पीत उभा होता, कंडक्टर अजून तिकिटं फाडत होता. पाच मिनिटं तरी होती. सगुणबाब उतरा, एवढं म्हणायला पाच मिनिटं कशाला लागतात? मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. इतक्या वर्षांनी ते तोंड उजळलं होतं.

"बरें," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली, पुडकं नीट बांधलं, आणि उंडे गार होऊ नयेत म्हणून छातीशी धरलं. ड्रायव्हर चहा संपवून आला. गाडी सुटली.